टाका नसलेली पिशवी

मी पिशवी बोलतेय. कापडी पिशवी म्हणणार होते, पण जीभ चावली. जन्मभर ते एकच खोटं अंगावर मिरवलं, आता निदान बोलताना तरी नको.

मला बघितलंत तर तुम्हीही फसाल. पोपटी रंग, दोन बंद, हाताला किंचित खरखरीत. अंगभर बारीक ठिपक्यांची नक्षी, लांबून विणीसारखी दिसणारी. पुढच्या बाजूला एक हिरवं पान आणि त्याखाली ठळक अक्षरं: ‘प्लास्टिकला नाही म्हणा. मी कापडी पिशवी.’ चोरानं कपाळावर ‘साधू’ लिहून फिरावं, तशातली गत. खोडता आलं असतं तर ती ओळ मी पहिल्याच दिवशी खोडली असती, असं आता म्हणायला माझं काय जातं? खरं सांगते, तेव्हा मला ती ओळ फार आवडायची.

माझा जन्म रोह्याच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमधला. कापसाचं बोंड मी कधी बघितलं नाही. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे होते, ते तापवले, वितळवले, त्यांचे केसाहून बारीक तंतू काढले आणि गरम रोलरखाली दाबून त्यांची चादर केली. ना माग, ना सूत, ना सुई. कडासुद्धा गरम दाबानं चिकटवल्या. माझ्या सबंध अंगावर एकही टाका नाही. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या आधी बाजारात ज्या पातळ पिशव्या होत्या, त्या नुसत्या हवेनं फुरफुरायच्या. त्यांना प्लास्टिक म्हणून अख्खं गाव ओळखत होतं, शिव्याही देत होतं. वाईट होत्या, पण लबाड नव्हत्या. बंदीचा कायदा आला, त्या गल्ल्याखाली लपल्या, मग नगरपालिकेच्या पथकाच्या पोत्यात गेल्या. त्यांच्या रिकाम्या जागेवर मी येऊन बसले, नाव बदलून.

पेणच्या बाजारात सुलेमानचाचांचं साड्यांचं दुकान आहे. पातळ पिशव्या सापडल्या म्हणून त्यांना एकदा दंड झाला होता. दंडापेक्षा चार गिऱ्हाइकांसमोर मान खाली घालावी लागली, ते त्यांना जास्त लागलं होतं. त्यानंतर एजंट माझे गठ्ठे घेऊन आला तेव्हा त्यांनी मला चिमटीत धरून विचारलं, “ह्या चालतील ना? पुन्हा लचांड नको.”

“कापड हाय चाचा. बिनधास्त वापरा.”

बंदीच्या सरकारी कागदात माझ्यासारख्यांचंही नाव होतं. चाचांनी मला उलटून-पालटून बघितलं, कागद मात्र उघडून बघितला नाही. कापड विकण्यात उभा जन्म गेलेला माणूस, आणि पोपटी रंगाला भुलला.

श्रावण संपत आला होता. गौरीसाठी साडी घ्यायला नमिता दुकानात आली आणि साडी पसंत करायच्या आधीच तिनं बजावलं, “चाचा, पिशवी प्लास्टिकची देऊ नका हां. नायतर हातात घेऊन जाईन.”

“आता दुकानात प्लास्टिकच नाय गो पोरी,” चाचा छाती फुगवून म्हणाले आणि मला पुढे केलं. नमितानं ती ओळ मोठ्यानं वाचली. तिचा चेहरा असा उजळला, की मला स्वतःबद्दल अभिमान वाटला. त्या अभिमानाची आज लाज वाटते.

नमिताचं गाव जोह्याच्या पुढे, खाडीकडे उतरलेलं. नवरा अमोल कंपनीत शिफ्टला. ती स्वतः जोह्याच्या एका मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. रंग कोणीही देईल, पण डोळे आखणारा हात हजारात एखादा. शिवाय गावाच्या स्वच्छता कमिटीत ती पुढे. कोणाच्या हातात पातळ पिशवी दिसली की तिथल्या तिथे काढून घ्यायची. बायका मागून म्हणायच्या, “आली गो आली, पिशवीवाली आली!” तिला त्याचं काही वाटत नसे.

घरात सासू धोंडुबाई आणि सासरे रघू. धोंडुबाईंचं पायाचं शिवणयंत्र पडवीत. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून त्या सगळ्या आळीला वाटायच्या. मला बघताच त्यांनी माझी कड दोन बोटांत धरून चोळली, मग आत हात घालून शिवण शोधली.

“ह्याला टाकाच नाय गो कुठं,” त्या म्हणाल्या. “टाक्याबिगर कसला कापड?”

“आई, आता मशिनीवर चिकटवतात. वाचा ना, लिवलंय काय ते.”

“मला वाचता येत नाय. म्हणून तर हातानं बघतेय.”

नमिता हसली. धोंडुबाईही हसल्या आणि विषय तिथेच मिटला. त्या घरात मला ओळखणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते अडाणी म्हणून गप्प बसलं.

नमिता मला रोज कारखान्यात न्यायची. आत तिचा डबा, पाण्याची बाटली. एकदा नवा कुंचला आला. त्याचं टोक कसं चालतं ते बघायला हाताशी काही सापडेना, तेव्हा तिनं मलाच पुढे ओढलं आणि माझ्या मागच्या बाजूला एक डोळा आखला. वरची पापणी एका दमात, बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. पक्का तेलरंग. त्या डोळ्यात इतकी माया उतरली होती, की तिची तीच बघत राहिली. त्या दिवसापासून मला डोळा मिळाला म्हणा. पुढचं सगळं मी त्याच डोळ्यानं बघितलं.

आता रघूबद्दल सांगते. त्या गावाची भातं खाडीच्या पातळीच्या खाली. मध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधात एक उघाडी. म्हणजे पाण्याचं दार. त्याला लाकडाची जाड झडप. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीच्याच रेट्यानं झडप घट्ट मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. त्या झडपेवर सगळ्या गावाचं भात उभं. खारं पाणी एकदा आत शिरलं, की ते पीक तर जातंच, वर जमीन धुऊन निघायला दोन पावसाळे लागतात.

ही उघाडी राखायचं काम रघूच्या आजाकडून रघूकडे आलं होतं. त्याचा पगार नाही. एक लांब लोखंडी आकडी तेवढी, झडपेत अडकलेला पाला ओढायला. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला रघू उघाडीवर नाही असं गावानं कधी बघितलं नव्हतं.

गणपती आले. घरचा गणपती शाडूचा, डोळे नमितानंच आखलेले. अनंत चतुर्दशीला विसर्जन. गावाचे गणपती उघाडीच्या आतल्या बाजूला, पावसाचं गोडं पाणी साठतं तिथे पोचवतात. रघूनं मूर्ती डोक्यावरून नेली आणि चिखलात त्याचा गुडघा मुरगळला.

नमिता काठावर खुर्ची टाकून बसली होती. पिशवीतून निर्माल्य आणणाऱ्या प्रत्येकाला तिनं अडवलं. फुलं ड्रममध्ये, पिशवी पोत्यात. हरेशनं एक काळी पिशवी तशीच भिरकावली, तर तिनं त्याला गुडघाभर पाण्यात उतरून ती परत आणायला लावली. हरेश म्हणजे शेजारच्या शेताचा मालक, तोंडानं तिखट. “वैनी, तुझा कायदा लय कडक हाय,” एवढं बोलून तो मुकाट उतरला.

शेवटी तिच्या घरचं निर्माल्य उरलं. ड्रम भरून सांडत होता. ते निर्माल्य माझ्यात होतं. दुर्वा, हार, केवड्याचं पान, सुपाऱ्या, विड्याची पानं. नमितानं क्षणभर विचार केला. मग माझे दोन्ही बंद एकमेकांत गाठ मारून बांधले, मला कपाळाला लावलं आणि हळूच पाण्यात सोडलं.

“कापडाची हाय. बाप्पासंगं तीपन विरघळंल,” ती म्हणाली.

काय सांगू! मला तेव्हा ओरडायचं होतं. दिवसभर इतरांच्या पिशव्या काढून घेणारा तो हात मला नमस्कार करून सोडत होता. तिची चूक म्हणाल तर एवढीच, की तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. जवळच शाडूची मूर्ती पाण्यात मऊ होत, मातीत मिसळत होती. मी मात्र होते तशीच.

पहाटेपर्यंत काठाच्या गवतात अडकून राहिले. मग ओहोटी लागली, झडप उघडली आणि पाण्यानं मला ओढून नेलं. मी झडपेच्या खालच्या कडेशी पोचले आणि माझ्या बंदांची गाठ खालच्या बिजागरीच्या खिळ्यात गुंतली. फुलांनी फुगलेली मी झडप आणि चौकट यांच्या मधोमध बसले. पाल्याचं, केळीच्या पानाचं झडप पीठ करते. मी ना फाटले, ना चिरडले. मजबूत म्हणून माझी ख्याती होतीच.

त्या सकाळी रघू आकडी घेऊन निघाला होता. पण गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. नमितानंच त्याला उंबऱ्यात अडवलं. “बाबा, आज नाय जायचं. एक दिवस नाय गेलात तर उघाडी काय पळून जात नाय.” तिनं मिठाच्या पुरचुंडीनं त्याचा गुडघा शेकला. शेकता शेकता म्हातारा झोपी गेला. हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं.

दुपारी पुनवेचं उधाण चढलं. खाडीनं झडप ढकलली, ती माझ्यावर येऊन आपटली आणि चार बोटं उघडी राहिली. त्या चार बोटांतून समुद्र आत आला. मी तिथेच होते. पाणी माझ्या अंगावरून जात होतं. समोर निसवलेलं भात, नुकत्या दुधावर आलेल्या लोंब्या. खारं पाणी बुंध्यातून चढत गेलं तसं ते भात पाण्यात उभं राहिलं, हिरवंगार, काही न कळल्यासारखं. मला बाजूला व्हायचं होतं. खूप व्हायचं होतं. पण पिशवीला स्वतःहून सरकता येत नाही.

हरेशची बोंब ऐकून रघू लंगडत धावत आला. छातीभर पाण्यात उतरला, पण उधाणाच्या रेट्यापुढे झडप हलेना. पाण्याचा जोर कमी झाला तेव्हा त्यानं बुडी मारली, हात घातला आणि कोयत्यानं माझी गाठ तोडून मला ओढून काढलं. झडप मिटली. पण तोवर सतरा घरांची शेतं खाऱ्यात गेली होती, त्यात रघूचंही होतं.

पाण्याखालीच त्यानं मला चाचपलं. वर येऊन डोळे पुसले आणि माझ्यावरचा डोळा बघितला. असा डोळा आखणारा हात त्या गावात एकच होता. त्यानं बांधाकडे पाठ केली आणि मला सदऱ्याच्या आत कोंबलं.

“काय व्हता, रघूदादा?” हरेश वरून ओरडला.

“पाला,” रघू म्हणाला. “पाला अडकला व्हता.”

मी त्याच्या छातीला चिकटून होते. त्याचं काळीज केवढ्यानं धडधडत होतं! खोटं बोलायची सवय नव्हती त्याला. मला होती.

घरी येऊन त्यानं मला पडवीत, पागाच्या, म्हणजे मासे धरायच्या जाळ्याखाली दडवलं. तीन दिवसांत भाताची पातं टोकाकडून करपायला लागली. संध्याकाळी देवळात गाव जमलं. घर देवळाला लागूनच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. हरेशचा आवाज सर्वांत चढा. “उधाणाला राखणदार झोपतो म्हंजे काय? आमी खावं काय दोन वर्सं?”

मग रघूचा आवाज आला. हळू. “चूक माझी हाय. डोळा लागला. ही आकडी देवाफुडं ठेवतो. दुसरा कोन बघा.”

नमिता पडवीत उभी राहून ऐकत होती. सासऱ्याला आपणच घरी थांबवलं, हे तिला आधीच कुरतडत होतं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ती जाळं उचलायला वाकली आणि मी तिच्या पायाशी पडले. चिखलानं माखलेली, एक बंद तुटलेला. आत अजून केवड्याचं पान. माझा डोळा वर.

तिनं मला उचलून घेतलं. कोणाला सांगावं लागलं नाही. पाला नव्हता, हे तिला कळलं. म्हाताऱ्यानं आकडी कोणासाठी खाली ठेवली, तेही कळलं.

पुढे जे झालं ते सांगायला मला जड जातं, पण सांगते. नमितानं इकडे-तिकडे बघितलं आणि मला घेऊन थेट चुलीपाशी गेली. मला जाळलं की संपलं. तिला मी दोष कसा देऊ? मलाही तेच हवं होतं. राख झाले असते तर दोघींचाही गुन्हा निखाऱ्यात मिळाला असता.

तिनं माझा कोपरा विस्तवाला लावला. कापड असते तर भुरकन पेटले असते. मी आक्रसले. काळी झाले, वितळले आणि माझे थेंब चुलीच्या मातीवर टपटप पडले. तो वास सगळ्या घरात भरला. ज्या पिशव्या तिनं गावभर हिसकावून घेतल्या होत्या, त्यांच्या जळण्याचा वास. थेंब गार झाले, त्यांचे काळे मणी झाले. तिनं एक मणी उचलून बोटांत दाबला. तो फुटेना.

मला बोलता येत नाही. पण त्या संध्याकाळी माझ्या कोपऱ्यानं कबुली दिली.

धोंडुबाई दारात उभ्या होत्या. ‘मी सांगितलं नव्हतं?’ असं त्या म्हणाल्या नाहीत. नमितानं मला विझवलं, पदरानं डोळे पुसले आणि तशीच देवळात गेली. बायका त्या बैठकीत जात नसत.

“झोपले नव्हते बाबा. मी निजवले त्यांना,” ती म्हणाली. तिनं मला सगळ्यांसमोर उलगडून धरलं. “आणि पाला नव्हता. ही व्हती. माझी. हा डोळा माझा हाय, वळखा. कापडी समजून मीच सोडली पाण्यात. कापडी नाय ही. प्लास्टिक हाय. आत्ता चुलीत घातली तेव्हा कळला.”

“चुलीत कशाला घातलीस?” कोणीतरी विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. “लपवायला,” ती म्हणाली.

रघूनं मान खाली घातली होती. “पोरीला ठाव नव्हता,” तो एवढंच पुटपुटला. एका कोपऱ्यातून आवाज आला, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान!” पण त्यावर कोणी हसलं नाही.

हरेश उठला. माझा वितळलेला कोपरा त्यानं हातात घेतला, माझ्यावरची ओळ वाचली, दोनदा वाचली. “मला पान्यात उतरवलास तू त्या दिवशी,” तो म्हणाला.

“व्हय.”

“तुझ्या कबुलीनं माझा भात परत येनार हाय?”

“नाय.”

मग त्यानं देवापुढची आकडी उचलली. मला वाटलं, आता ही दुसऱ्या कोणाकडे जाणार. त्यानं ती नमिताच्या हातात दिली. “म्हाताऱ्याचा गुडघा आता नाय सावरायचा. अमावास्येला तू जायचंस उघाडीवर. भरती यायच्या आधी. बाबा तुला दावतील.”

ती शिक्षा होती की विश्वास, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिलाही कळलं नसावं. पण एकही उधाण तिनं चुकवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती एसटीनं पेणला गेली आणि मला सुलेमानचाचांच्या गल्ल्यावर ठेवलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. माझी कड त्यांनी प्रथमच बोटांत धरून चोळली, जशी धोंडुबाईंनी चोळली होती. “या अल्ला,” ते म्हणाले, “चाळीस वर्सं कापड विकतोय मी.” उरलेले गठ्ठे त्यांनी दुकानातून काढले. आता गिऱ्हाइकाला धोंडुबाईंच्या पिशव्या मिळतात, जुन्या लुगड्यांच्या, ठसठशीत टाक्यांच्या.

मला मात्र त्यांनी फेकलं नाही. दारातल्या खिळ्याला टांगून ठेवलंय. एक बंद तुटका, एक कोपरा जळका, अंगावर ती ओळ आणि मागे तो डोळा. लोक विचारतात, चाचा सांगतात. रोज दहादा माझा गुन्हा मला ऐकावा लागतो. ऐकायलाच हवा.

केवड्याचं पान कुजलं. हार कुजले. शाडूची मूर्ती मातीला मिळाली. ते भात काळं पडून चिखलात गेलं आणि या पावसातही ती सतरा शेतं ओसाड आहेत. मी तेवढी आहे तशी आहे. नमिता म्हातारी होईल तेव्हाही असेन. गुन्हा केलेल्याला मरण नसणं ही काय चीज असते, ते मला विचारा.

मला माफ करा असं म्हणत नाही. एवढंच मागते, की माझ्यासारखी दुसरी कोणी तुमच्या हातात आली, तर तिच्यावर काय लिहिलंय ते वाचू नका. धोंडुबाईंसारखं करा. आत हात घाला, कडेनं बोट फिरवा आणि टाका शोधा. नाही सापडला, तर साडी हातातच घेऊन जा.